हळदीचा पिवळा

तानसा धरणाच्या मागे, जंगलाला लागून असलेल्या एका पाड्यावर मे महिन्यात कुणब्यांच्या घरी लग्न होतं. नवरीच्या भावाने हळद आणि लग्न, दोनच गोष्टींच्या फोटोंचं बुकिंग केलं होतं. मी म्हटलं, मांडवापासून येतो, त्याचे वेगळे पैसे नकोत. त्याला नवल वाटलं. "मांडवाला काय असतं दादा? खड्डे खणायचे, डहाळ्या बांधायच्या." मला तेच हवं होतं. शहापूर-मुरबाडकडे लग्न गावकी उभं करते आणि गावकी दिसते ती मांडवाच्या दिवशी. स्टेजवर फक्त आहेर देणाऱ्यांची रांग दिसते.

आटगावहून सकाळीच निघालो. पोचलो तेव्हा पुरुष मंडळी जांभळाच्या डहाळ्या घेऊन आली होती, मेढी रोवून झाल्या होत्या. अंगणात पाण्याची पिंपं मांडलेली आणि नवरीची आई वाटेकडे डोळे लावून उभी. टँकर यायचा होता. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. तेव्हापासून इथलं पाणी मुंबईला जातंय, तेही पंपाविना, नुसत्या उताराने. पाड्याची विहीर मात्र मे उजाडला की तळ गाठते. टँकर आला, बायांनी पाइप ओढला. हिरव्या मांडवाखाली, पदर खोचून पिंप भरणाऱ्या त्या आईचा फोटो मी अल्बमच्या दुसऱ्याच पानावर मोठा लावला. ती लग्नाचीच तयारी होती आणि ती कुणाच्या वाट्याला आली, तेही अल्बममध्ये राहायला हवं.

दुपारी वाजतगाजत उंबर आणला. संध्याकाळी धवलारीण आजी आल्या. नऊवारी, हातात पानाची चंची, सोबत सूर धरायला दोघी बाया. या बाजूला कित्येक घरांत हळदीचे विधी धवला गाणाऱ्या बाईच्या शब्दावर चालतात. कधी काय करायचं, हळद आधी कुणी लावायची, हे तिला विचारायचं. तिच्याकडे वही नसते. देवांना आवतण देत, घरातल्यांची नावं गाण्यात गुंफत ती एकेक विधी पुढे नेते. मी समोर बसलो तसं आजी म्हणाल्या, "माझा कशाला काढतो रं? पोरीचा काढ."

"आजी, तुमच्याशिवाय पोरीला हळद लागेल का?"

त्या हसल्या आणि गायला लागल्या. मी रेकॉर्डर त्यांच्याजवळ पाटावर ठेवला. हल्ली मी आवाजही घेतोच. धवला शिकलेल्या तरुण मुली मला फार भेटत नाहीत आणि नुसत्या फोटोत गाणं राहत नाही. धवला चालू असेपर्यंत आमचा ड्रोनही बॅगेतच असतो, त्याची घरघर त्या आवाजावर चढते.

अडचण डीजेच्या लाइटची होती. मांडवभर निळे-जांभळे एलईडी फिरत होते. निळ्या प्रकाशात हळद काळपट दिसते, कारण पिवळा रंग निळा प्रकाश गिळून टाकतो. नवरीच्या गालावर हळद आहे की चिखल, फोटोत कळत नाही. नंतर कॉम्प्युटरवर कितीही रंग ओता, तो पिवळा परत येत नाही. डीजेवाल्या पोराला विनंती केली, "भाऊ, धवला संपेपर्यंत लाइट बंद ठेव, मग रात्र तुझीच आहे." त्याने लगेच ऐकलं. घराच्या चुन्याच्या भिंतीवर हॅलोजन वळवला, पांढरा कागद धरून कॅमेऱ्याचा रंग जुळवला आणि पस्तीसची लेन्स लावून जवळ जाऊन बसलो.

सवाष्णी एकेक करून आल्या. आंब्याचं पान वाटीत बुडवून पाय, गुडघे, खांदे, कपाळ. नवरीच्या चुलतीच्या हाताला भाकऱ्या थापून लागलेलं तांदळाचं पीठ होतं. नखांत पीठ, बोटांवर हळद आणि त्या बोटांखाली नवरीचे मिटलेले डोळे. आख्ख्या लग्नातला माझा सगळ्यात आवडता फोटो तो.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त. मामा नवरीला घेऊन आला, अंतरपाट धरला, मंगलाष्टका, अक्षता, वाजंत्री, कानपिळी. सगळं झरझर झालं. उन्हं उतरलेली असल्यामुळे प्रकाशाची चिंताच नव्हती.

पाठवणीला मात्र मी कुणाला काहीही करायला सांगत नाही. "काका, परत एकदा मिठी मारा" म्हणणारे फोटोग्राफर मी पाहिलेत, मला ते पटत नाही. बापाचं रडणं दुसऱ्यांदा मागायचं नसतं. मी मोठी लेन्स लावून लांब उभा राहिलो. आई दिसेना म्हणून शोधलं, तर ती पडवीत पाठराखीण म्हणून निघालेल्या धाकट्या मुलीची पिशवी भरत होती. "ताई रडली तर पाणी दे. सासूबाईंनी हाक मारली की आधी तू ऊठ." पोरगी अकरा-बारा वर्षांची, मान डोलवत होती. दोघींचा फोटो घेतला. मग आई पदराने तोंड पुसत बाहेर गेली आणि लेकीला बिलगली.

सजवलेली गाडी हलली. माझ्या जोडीदाराने तोवर बाइक सुरू केली होती. बुकिंग पाठवणीपर्यंतचंच होतं, पण धाकटीला त्या अनोळखी घरात ताईशेजारी बसलेलं मला टिपायचं होतं. आम्ही गाडीच्या मागोमाग नवऱ्याच्या गावाला निघालो.