नळीचा अक्ष

घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं जाणाऱ्या मासिकांत रायफलीविषयीं लिहावयाचें म्हणजे कांहीं वाचकांच्या भुवया उंचावतील, हें मी जाणून आहें. परंतु महागणपतीच्या देवळामुळें सर्वांस परिचित असलेल्या आमच्या टिटवाळ्यांतही सकाळची गाडी गांठून, कल्याणला गाडी बदलून, अंबरनाथकडील कारखान्यांत लोखंडाच्या कामास जाणारीं माणसें पुष्कळ आहेत. माझीही उभी हयात एका परवानाधारक यंत्रशाळेंत लेथवर आटे पाडण्यांत गेली. त्यामुळें, दिनांक 1 ऑगस्ट 2024 रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यानें पन्नास मीटर रायफल प्रकारांत कांस्यपदक मिळविल्यापासून नेमबाजीच्या नादीं लागलेल्या माझ्या पुतण्याचे सर्व प्रश्न घरांत माझ्याकडेच येतात.

एके दिवशीं त्यानें विचारलें, “काका, मोठ्या रायफलींच्या तोंडाशीं खाचा पाडलेलें एक नळकांडें दिसतें, तें कशासाठीं?” त्यास मझल ब्रेक म्हणतात. गोळी नळी सोडते त्याच क्षणीं तिच्या पाठीमागील तप्त वायु प्रचंड वेगानें बाहेर उसळतो, आणि जबर रायफलीच्या धक्क्याचा बराच मोठा वांटा या झोताचा असतो. मझल ब्रेकच्या आंतील आडव्या भिंती हा झोत अडवून बाजूंस व किंचित् मागें वळवितात. वायु त्या भिंतींवर आदळून त्यांस पुढें ढकलतो, आणि त्यामुळें खांद्यावर येणारा रेटा कमी होतो. गोळी मात्र मधल्या भोंकांतून, कशासही स्पर्श न करितां, निघून गेली पाहिजे. साऱ्या कामाचें मर्म या ‘स्पर्श न करितां’ या शब्दांत आहे.

हें भोंक गोळीपेक्षां साधारण अर्धा मिलिमीटरच मोठें ठेवितात. त्याहून फार मोठें केलें तर वायु सरळ निसटून जातो आणि उपयोग उणावतो. म्हणजे गोळीच्या प्रत्येक बाजूस पाव मिलिमीटर जागा राहिली. माणसाच्या डोक्यावरील तीन-चार केसांची जाडी म्हणा. ब्रेक साठ मिलिमीटर लांब असेल, तर तो अवघा पाव अंश कलला तरी पुढच्या टोकाशीं ही जागा संपून जाते. पाव अंशाचा कल डोळ्यांस दिसत नाहीं. सेकंदास आठशें मीटर वेगानें जाणाऱ्या गोळीस मात्र तो पुरेपूर कळतो. ती काठास नुसती चाटून गेली तर नेम बिघडतो. नीट धडकली तर नळकांडें फुटून त्याचे तुकडे उडतात.

हा कल येतो कोठून? बहुतेक वेळां बाहेरच्या कातडीवर विश्वास ठेविल्यामुळें येतो. लांब नळीस आंतून भोंक पाडतांना हत्यार किंचित् वाहवतें. म्हणून नळीचें बाहेरचें वर्तुळ आणि आंतील भोंकाचें वर्तुळ यांचें केंद्र एकच असेल असा भरंवसा धरितां येत नाहीं. नवशिका माणूस नळी बाहेरून पकडून लेथवर फिरवितो आणि आटे पाडतो. आटे दिसतात सुरेख. पण ते बाहेरच्या वर्तुळाशीं इमान राखतात, आंतल्या भोंकाशीं नव्हे. जाणता कारागीर भोंकांत बरोबर बसणारा गज घालतो, त्या गजावर डायल लावितो, आणि कांटा स्थिर होईपर्यंत चकाचे चार जबडे एकेक करून सैल-घट्ट करीत बसतो. त्यानंतरच हत्यार लोखंडास लागतें.

आट्यांत थोडी ढिलाई असतेच. ब्रेक सरळ ठेवणारा खरा आधार म्हणजे आट्यांमागील खांदा. तो नळीच्या अक्षाशीं काटकोनांत हवा. पुढें राहते खाचांची दिशा. खाचा उजव्या-डाव्या समान न आल्यास झोत रायफलीस एका अंगास ढकलतो. यासाठीं मध्यें पातळ चकती घालितात. आटे एक मिलिमीटर अंतराचे असतील, तर पाव फेरा मागें घेण्यास पाव मिलिमीटर जाडीची चकती पुरते. मात्र तिच्या दोन्ही बाजू समांतर पाहिजेत. आमच्या थोरल्या वहिनींस हें सांगतांच त्या म्हणाल्या, “भावजी, म्हणजे जात्याच्या मधल्या खिळीसारखेंच कीं! खीळ कलली कीं वरची तळी एका अंगास घासते, मग दगड कितीही चांगला असो.” माझ्या शंभर वाक्यांपेक्षां हें एक वाक्य पुतण्यास अधिक कळलें.

आमच्या यंत्रशाळेंतील एक प्रसंग सांगतों. चांचणीचा दिवस ठरलेला, पाहुणे येऊन बसलेले, आणि ब्रेक आरशासारखा चकचकीत. आमच्या वृद्ध मिस्त्रींनीं तरीही सरळ गज मागविला व नळींतून पुढें सरकविला. गज ब्रेकच्या डाव्या काठास टेकला. वरिष्ठ म्हणाले, “इतक्यानें काय होणार?” मिस्त्री शांतपणें म्हणाले, “साहेब, गज थांबला; गोळी थांबणार नाहीं.” त्यांनीं ब्रेक उतरविला. एक दिवस वाया गेला, बोल खावे लागले. परंतु कोणाचा हात किंवा डोळा गेला नाहीं.

ही अतिसावधगिरी नव्हे. तोफेसही असाच ब्रेक असतो. धनुष तोफेच्या पोखरण येथील चांचण्यांत 2017 सालीं गोळा मझल ब्रेकवर आदळल्याचें प्रसिद्ध झालें होतें. कारण कांहींही असो, त्यानंतर पुन्हां कसून परीक्षा झाल्या आणि पहिल्या सहा तोफा एप्रिल 2019 मध्यें सैन्याच्या हातीं आल्या. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेनें आंखलेल्या, ‘अटॅग्ज’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या 307 तोफांचा करार मार्च 2025 मध्यें झाला. त्या प्रत्येक तोफेच्या तोंडाशींही हाच प्रश्न आहे, फक्त 155 मिलिमीटर मापाचा.

पुतण्याची शेवटची शंका होती, कीं मग आमच्या स्पर्धेच्या रायफलीस हें कां नको? आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघाच्या नियमांनीं रायफलीवर मझल ब्रेक निषिद्ध आहे. ब्रेक स्वतःच्या खांद्याचा भार हलका करितो खरा, पण आवाज व झोत शेजाऱ्याच्या कानांवर लोटतो. नेमबाजांची रांग लागलेल्या जागीं याचा त्रास सहज ध्यानांत येईल. शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून बंदुकीची दुरुस्ती करणें हाही गुन्हा आहे, हें हौशी मुलांच्या वडिलांनीं ध्यानांत ठेवावें.

ज्यांच्यावर हें काम कायद्यानें सोंपविलें आहे, त्यांनीं मात्र एक नेम कधींही मोडूं नये. ब्रेक नवा बसविला असो वा साफसफाईनंतर पुन्हां चढविला असो, काडतूस हातीं घेण्यापूर्वीं गज फिरला पाहिजे. गजाभोंवतीं प्रकाशाचें कडें सर्व बाजूंनीं सारखें दिसलें, तरच काम झालें असें समजावें. त्यास पांच मिनिटें लागतात.