हार्वर्डचें एक अध्यासन

नव्या प्राध्यापकांच्या नेमणुकांच्या वार्ता वाचतांना आम्हांस हार्वर्ड विद्यापीठांतील फ्रेंच व स्पॅनिश भाषांचें अध्यासन हटकून आठवतें. पहिले प्राध्यापक टिकनर यांचा स्पॅनिश वाङ्मयाचा इतिहास १८४९ सालीं, ते पद सोडून चौदा वर्षें लोटल्यावर, बाहेर पडला. १८३६ सालीं त्यांच्या जागीं कवि लाँगफेलो आले. हाताखालच्या शिक्षकांवर देखरेख करण्यांत नि वर्ग घेण्यांत अठरा वर्षें गेलीं. लेखनास उसंत मिळावी म्हणून त्यांनीं १८५४ सालीं राजीनामा दिला. दान्तेच्या महाकाव्याचें त्यांचें भाषांतर प्रसिद्ध झालें १८६७ सालीं! मग विभागाच्या पदरांत काय पडलें, असें कोणी विचारील. त्यानें लाँगफेलोंच्या घरीं भरणाऱ्या साप्ताहिक बैठका आठवाव्या. भाषांतराचीं मुद्रितें तपासावयास तेथें त्यांच्याच अध्यासनावर पुढें बसलेले लोवेल येत, हार्वर्डचे जुने विद्यार्थी नॉर्टन येत. एकेका शब्दावर खल चाले. मग तेथेंच सर्वांचें जेवण होई.