आधी सिलिंडर, मग नळी

सांगलीच्या आमच्या घरी ओट्याची फरशी बदलायला मिस्त्री आले, तेव्हा त्यांच्या हाताखालचा मुलगा सरळ शेगडीमागची नळी ओढायला निघाला. "ताई, बटणं बंदच आहेत की," तो म्हणाला. बटणं बंद होती, हे खरं. पण त्यामुळे गॅस फक्त शेगडीपाशी थांबतो. रेग्युलेटर चालू असेल तर नळी भरलेलीच असते, आणि ती उपसली की सिलिंडरमधला गॅस थेट घरात येतो. मी त्याला थांबवलं आणि आईला हाक मारली. जन्मभर ती याच ओट्याशी उभी राहिली, पण रेग्युलेटर काढणं-बसवणं हे बाबांचं काम होतं. बाबा गेल्यापासून सिलिंडरवाला येईल तेव्हाच ते व्हायचं. हे तिला यायला हवं, असं माझ्या मनात बरेच दिवस होतं.

एक बर्नर पेटवून मी तिला रेग्युलेटर बंद करायला सांगितलं. नळीत उरलेला गॅस जळेपर्यंत ज्योत राहिली आणि आपोआप विझली. मग तिने शेगडीचं बटण बंद केलं. आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे, म्हणून समई शांत केली. खिडकीबरोबर मागचं दारही उघडलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. सुटला तर वर न जाता जमिनीलगत, ओट्याखालच्या कप्प्यात साचतो. नुसती वरची खिडकी पुरत नाही.

रेग्युलेटरच्या बुडाची कडी वर ओढायला आई बिचकत होती. "गॅस उसळला तर?" तिने विचारलं. सिलिंडरच्या तोंडाशी स्प्रिंगची झडप असते, रेग्युलेटर निघाला की ती मिटते, हे तिला समजावलं. तिने कडी ओढली, रेग्युलेटर उचलला आणि दोरीला लटकणारी टोपी तोंडावर दाबून बसवली. ही टोपी पुष्कळ घरांत दोरी तोडून फेकलेली असते. झडप नीट मिटली नाही, तर गॅस अडवायला तीच असते. मग सिलिंडर उभंच ठेवून मागच्या मोकळ्या पडवीत नेलं.

आता नळीची पाळी. शेगडीच्या तोटीवर ती अगदी चिकटून बसली होती. जोर लावून हिसकली तर तोटी वाकते. नळी टाकायचीच होती, म्हणून तोटीला धार लागू न देता सुरीने तिला उभी चीर दिली आणि ती सोलून काढली. बाहेरून नारिंगी रंग ठीक दिसत होता. पण वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या. नळीवर तारीख छापलेली असते, ती कुणी बघत नाही. 5 वर्षांनी नळी बदलायचीच असते. डाग पडू नयेत म्हणून आईने तिच्यावर कापड गुंडाळलं होतं, त्याखाली या भेगा झाकल्या गेल्या होत्या. नव्या नळीला कापड नको, हे तिने स्वतःच ठरवलं.

नवी नळी गॅस एजन्सीतूनच आणली, आयएसआय शिक्का पाहून. ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि शेगडीच्या मागून जाऊ नये, म्हणजे आच लागत नाही. ओटा झाल्यावर जोडणी आईने केली. मी वाटीत साबणाचं पाणी कालवून दिलं. रेग्युलेटर चालू करून तिने ते प्रत्येक सांध्यावर लावलं. बुडबुडा आला नाही, तेव्हाच चहाचं आधण ठेवलं. काडी ओढून गळती बघणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं कधीही करू नये.

वास आलाच तर काय करायचं, तेही तिच्याकडून वदवून घेतलं: दिव्याचं बटण चालू करायचं नाही, बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्हीत पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि घराबाहेर येऊन 1906 ला फोन. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो तिने फडताळाच्या दारावर ठळक लिहून ठेवला.

पुढचं सिलिंडर संपलं ते तिने स्वतः बदललं. फोनवर सांगताना आधी साबणाच्या पाण्याचं बोलली, मग बाकीचं. एवढं प्रत्येक घरात निदान दोघांना यावं, आणि त्यांतलं एक रोज शेगडी पेटवणारं असावं, असं मला मनापासून वाटतं.