पांढरा दगड कोण हलवतं?

अण्णा जूनमध्ये डब्लिनला येतायत. पंधरा दिवसांसाठी. त्यातले तीन दिवस मी रजा टाकून मोकळे ठेवलेत, गोल्फसाठी.

हे लिहिताना मलाच थोडं अवघडायला होतं. आमच्या घरात गोल्फ होता तो पगाराच्या बाजूनं. अण्णांनी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर माळीकाम केलं. सोमवारी कोर्स मेंबरांसाठी बंद असायचा, तेव्हा कॅडी आणि माळी खेळायचे. कुणीतरी टाकून दिलेली सात नंबरची आयर्न, तळ्यातून काढलेले बॉल. अण्णा चांगले खेळतात म्हणे. ‘म्हणे’, कारण मी कधी बघायला गेलो नाही. इंजिनिअरिंगला असताना ‘वडील क्लबमध्ये असतात’ एवढंच सांगायचो. समोरचा काय समजायचं ते समजायचा आणि मी समजू द्यायचो.

तर, तीन दिवस. आयर्लंडमध्ये गोल्फ म्हणजे लिंक्स. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची पट्टी, आपल्या कोकणातल्या पुळणीसारखी, पण सुरूच्या बनाशिवाय. झाडं जवळपास नाहीतच. वाळूच्या टेकड्या, बारीक पातीचं फेस्क्यू गवत, आणि अटलांटिकवरून येणारा वारा. पाऊस पडला की पाणी वाळूत जिरून जातं, जमीन टणक राहते, म्हणून बॉल हवेतून मारण्यापेक्षा जमिनीवरून घरंगळत नेणं शहाणपणाचं.

मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. रँकिंग, अंतर, फी, चढउतार. प्रत्येकाला वेटेज. पहिल्या दोन ओळी आपोआप भरल्या: रॉयल काउंटी डाउन आणि रॉयल पोर्टरश. २०१९ची ओपन शेन लॉरीनं पोर्टरशलाच जिंकली होती.

दोन्ही उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. सीमेवर ना चौकी ना फाटक, फक्त वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात. पण माझ्या भारतीय पासपोर्टला तिकडे वेगळा व्हिसा लागतो. गंमत म्हणजे अण्णांना लागत नाही. भारतातून अर्ज करणाऱ्या पाहुण्यांसाठी ब्रिटिश-आयरिश अशी एक संयुक्त योजना आहे, तो शिक्का त्यांच्या व्हिसावर आहे. इथं राहून टॅक्स भरणाऱ्याला अडवतात आणि पाहुण्याला सोडतात. दोन ओळी डिलीट.

मग नैर्ऋत्येचं बॅलीबनियन. १८९३चा क्लब, पहिल्याच होलच्या उजवीकडे कबरस्तान. तिथं मी मनानं पोचलोही होतो. पण नामांकित जुन्या कोर्सेसची बुकिंगची पानं वाचताना एक शब्द पुनःपुन्हा आडवा येत राहिला: हँडिकॅप. म्हणजे तुमच्या खेळाचा अधिकृत आकडा. तो क्लबचं सभासदत्व असलं की मिळतो. एकतीस वर्षं जो माणूस हँडिकॅपवाल्यांसाठी गवत कापत होता, त्याच्याकडे तो कागद असणार कुठून? शीटमध्ये हा कॉलमच नव्हता. मी लॅपटॉप मिटला आणि त्या रात्री पुढे काही केलं नाही.

त्यात अण्णांचा डावा गुडघा. वाळूच्या टेकड्या चढून अठरा होल्स रोज, हे जमणारं नाही. अनेक लिंक्सवर बग्गीही सहज मिळत नाही. तिथं चालायचं असतं.

शेवटी क्लेअर काउंटीतलं लाहिंच ठरलं. डब्लिनपासून गाडीनं साधारण तीन तास. तिथला जुना कोर्स जगप्रसिद्ध, पण रस्त्याच्या अलीकडे त्याच क्लबचा कॅसल कोर्स आहे: सपाट, स्वस्त, पडक्या किल्ल्याशेजारी. पहिल्या दिवशी तो. दुसऱ्या दिवशी जवळच्याच स्पॅनिश पॉइंटला नऊ होल्स, नऊच, समोर अख्खा अटलांटिक. तिसरा दिवस मोकळा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आधी त्यांनी फी विचारली, रुपयांत गुणली आणि गप्प झाले. मग मी लाहिंचच्या शेळ्यांचं सांगितलं. शेळ्या क्लबहाऊसजवळ आल्या की हवा बिघडणार, असं तिथं मानतात. क्लबच्या बोधचिन्हावरही शेळीच आहे. अण्णा हसले. “आमच्याकडं शेळी आत आली की मुकादम बोंबलायचा.”

मग जुन्या कोर्सच्या पाचव्या होलबद्दल बोललो. त्याचं नाव डेल. ग्रीन दोन टेकड्यांच्या बेचक्यात लपलेलं, मारणाऱ्याला दिसतच नाही. समोरच्या टेकडीवर एक पांढरा दगड ठेवलेला असतो, त्याच्या रोखानं मारायचं. ग्रीनवर होलची जागा बदलली की दगडही हलवतात.

अण्णा फोनच्या एकदम जवळ आले. स्क्रीनभर नुसतं कपाळ.

“कोण हलवतं?”

“म्हणजे?”

“दगड रे. हलवतं कोण? माळीच असणार. होल कापायला तोच जातो पहाटे. किती वाजता जातात तिथं?”

मला माहीत नव्हतं.

“विचार की. मेंबर यायच्या आत उरकावं लागतं ते. आणि गवत कसलं म्हणालास? आपल्या हरळीसारखं पसरतं का झुपक्यानं वाढतं?”

पुढची वीस मिनिटं ते बोलत होते. पावसाळ्यात ग्रीनला बुरशी कशी लागते, पहाटे दव झटकायला लांब बांबू कसा फिरवायचे, होल कापायचा कटर बोथट असला की कड कशी फाटते. एवढं सलग ते माझ्याशी कधी बोलले होते, आठवत नाही.

कॉल संपल्यावर क्लबला मेल लिहिला. माझे वडील ग्रीनकीपर होते, तिसऱ्या दिवशी सकाळी दगड हलवताना लांबून बघायला आलो तर चालेल का? ‘ग्रीनकीपर’ हा शब्द टाइप करून थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो, मग सेंड केलं. उत्तर अजून आलेलं नाही. अण्णा रोज सकाळी व्हॉट्सॲपवर विचारतात.