खिडकीपाशी बसलेला कारागीर

लेस्टरच्या जैन मंदिराचे दर्शन घेणाऱ्या भारतीय कुटुंबांसाठी बर्मिंगहॅम हे शहर रेल्वेने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. सोन्याचांदीच्या व्यवसायातील माणसाने अर्धा दिवस राखून ठेवावा, असा एक विभाग या शहरात आहे. स्नो हिल स्थानकापासून एकाच थांब्यावर असलेल्या या भागाचे नावच ‘ज्वेलरी क्वार्टर’, म्हणजे जवाहिऱ्यांची पेठ. झवेरी बाजाराची दाटी येथे नाही. लाल विटांच्या बुटक्या इमारती, अरुंद गल्ल्या आणि चौकात उभे असलेले बिडाचे जुने घड्याळ, असे तिचे शांत रूप आहे. तरीही ब्रिटनमधील दागिन्यांच्या घडणीचा मोठा वाटा आजही या पेठेतूनच बाहेर पडतो. शहराची धातुपरीक्षा कचेरी १७७३ मध्ये सुरू झाली. येथे तपासलेल्या सोन्याचांदीवर नांगराची मुद्रा उमटते. समुद्रापासून दूर वसलेल्या शहराची ही खूण पाहून परक्या माणसाला नवल वाटते.

या पेठेत हिंडताना दुकानांच्या पाट्यांपेक्षा खिडक्यांकडे लक्ष द्यावे. जुन्या घरांच्या मागील अंगणात बांधलेले कारखाने रुंदीला मुद्दाम कमी ठेवलेले असून त्यांच्या भिंतींचा बराचसा भाग काचेचा आहे. प्रत्येक कारागिराच्या मेजावर दिवसाचा उजेड पडावा, हा त्यामागील हेतू. व्हाइस स्ट्रीटवरील संग्रहालयात अशा कारखान्याचे अंतरंग पाहावयास मिळते. स्मिथ अँड पेपर ही कौटुंबिक पेढी १८९९ ते १९८१ अशी ८२ वर्षे चालली. मालकांचे वय झाले, तेव्हा त्यांनी दाराला कुलूप लावले आणि अवजारे, साचे, चहाचे पेले, सारे काही जागच्या जागी राहिले. १९९२ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले आहे.

तेथील मेजांना पुढून अर्धवर्तुळाकार खाचा आहेत आणि त्यांखाली चामड्याच्या झोळ्या टांगलेल्या आहेत. कानशीने झडलेला सोन्याचा कीस त्या झोळीत जमावा, ही त्यामागील योजना. आपल्याकडील सराफकट्ट्यावर धूळ गाळून सोने वेचणारे झारेकरी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या काटकसरीचे मर्म सांगावे लागणार नाही. सोन्याचा कणन्‌कण हिशेबात येत होता. कारागिराला दिसावे म्हणून जी खटपट करावी लागे, ती मात्र कोणत्याही वहीत नोंदली गेली नाही.

नक्षी कोरणाऱ्याची खरी अडचण अंधाराची नसून चकाकीची असते. घासून उजळलेला धातू म्हणजे आरसाच. उघड्या दिव्याखाली त्यावर एक प्रखर ठिपका पेटतो आणि त्याच्या शेजारची बारीक रेघ दिसेनाशी होते. युरोपातील ताम्रपट कोरणाऱ्यांनी यावर घरगुती तोडगा काढला होता. लाकडी चौकटीवर पातळ कागद ताणून ती चौकट खिडकी आणि मेज यांच्यामध्ये तिरपी उभी करावयाची. कागदातून झिरपलेला उजेड पत्र्यावर सारखा पसरे आणि कोरलेली रेघ गडद उठून दिसे. रात्रीच्या कामासाठी काचेचा गोल पाण्याने भरून दिव्यापुढे ठेवीत. तो पाण्याचा गोल भिंगाप्रमाणे मेणबत्तीचा क्षीण उजेड एकवटून नेमका कामाच्या जागी टाकी. धातूवर आकृती रेखाटण्यापूर्वी पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवून त्याची चकाकी मारण्याची रीतही जुनीच आहे.

१८९० च्या दशकात दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल आणि खोलीही समजेल असा सूक्ष्मदर्शक जर्मनीतील येना येथे झाइस कंपनीने तयार केला. पुढे अशा सूक्ष्मदर्शकाने नक्षीकाराच्या मेजावरही स्थान मिळविले. परंतु यंत्र आले म्हणून खटपट संपली नाही. मोठेपणा वाढला की दृष्टिक्षेत्र आकसते, थोडीही वरखाली झालेली जागा अस्पष्ट होते आणि दिव्याच्या चकाकीबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो. म्हणून रोजच्या कामासाठी जाणते कारागीर दहा-वीस पटींवरच समाधान मानतात, आणि उरलेले साहित्य घरातून जमवितात. दह्याच्या डब्याचे दुधी झाकण मध्ये गोल कापून भिंगाभोवतीच्या दिव्याला लावले की प्रकाश मऊ होतो. ते नसेल तर नक्षी उतरविण्याचा पारदर्शक कागद चालतो. पारदर्शक पत्रीवर एकाच केंद्राची वर्तुळे आखून ती अंगठीच्या माथ्यावर ठेवली की मध्य अचूक सापडतो. काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा योग्य कोनात धरला की चकाकत्या चांदीत त्याचेच काळे प्रतिबिंब पडते आणि रेघ स्पष्ट दिसते. मात्र प्रकाश फार मऊ झाला, तर तिरप्या धारेने घेतलेल्या झगझगीत कापाचे तेज कळत नाही. तेव्हा झाकण दूर करून दिवा एका बाजूला न्यावा लागतो. कोणता उजेड केव्हा हवा, हे ठरविणे अखेर कारागिराकडेच राहते.

याच शहरातील ग्रॅहॅम शॉर्ट हे सूक्ष्म कोरणीसाठी जगभर ओळखले जातात. रस्त्यावरील वाहनांचा हादरा मेजापर्यंत पोहोचू नये म्हणून ते मध्यरात्रीनंतर काम करतात. वैद्याची नळी अंगाला लावून ते स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकतात आणि दोन ठोक्यांमधील क्षणी कोरणी चालवितात. यंत्राने दृष्टी दिली, स्थैर्य मात्र त्यांना स्वतःच्या शरीरातूनच मिळवावे लागले. २०१६ मध्ये त्यांनी पाच पौंडांच्या चार नोटांवर लेखिका जेन ऑस्टिन यांची अवघ्या पाच मिलिमीटरची प्रतिमा कोरली आणि त्या नोटा साध्या खरेदीत खर्चून टाकल्या. प्रत्येक नोटेची किंमत हजारो पौंड होईल, असे जाणकारांचे मत होते. त्यांपैकी एक नोट उत्तर आयर्लंडमधील एका वृद्ध स्त्रीला मिळाली. तिने २०१७ मध्ये ती परत पाठविली. या वयात आपल्याला तिची गरज नाही, ती तरुणांच्या साहाय्यासाठी वापरावी, एवढेच तिने कळविले, आणि स्वतःचे पूर्ण नावही दिले नाही.

व्यापारी भिंग लावतो तो माल पारखण्यासाठी. त्याला दोष दिसतो, तो भाव ठरवितो, आणि दोन मिनिटांत त्याचे भिंग खिशात जाते. कारागिराला मात्र त्याच भिंगाखाली दिवस काढावा लागतो. त्याची दृष्टी मंदावली की त्याची विद्याही थांबते. कागदाची चौकट, पाण्याचा गोल, दह्याच्या डब्याचे झाकण ही सारी त्याने डोळ्यांच्या रक्षणासाठी स्वतः उभी केलेली साधने होत. घडणावळ ठरविताना वजन आणि नगांची संख्या मोजली जाते. कारागीर कोणत्या उजेडात बसतो, त्याला रात्री किती जागावे लागते, याची विचारपूस क्वचितच होते. ज्या पेढीची भरभराट दुसऱ्याच्या डोळ्यांवर चालते, तिच्या मालकाने एकदा तरी त्याच्या मेजापाशी बसून पाहावे.

सायंकाळी या पेठेतून परतताना मागील अंगणांतील एखाद्या खिडकीत अजून दिवा दिसतो. त्याच्यापुढे कसलासा पांढरा कागद चिकटविलेला असतो. त्यामागे मान वाकवून कोणीतरी अंगठीच्या आतील बाजूला एखादे नाव कोरीत असते.