नदीची हरकत

लंडनच्या वायव्येकडील ज्या उपनगरात माझे दीर्घकाळ वास्तव्य आहे, तेथील मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक जुनी, बंद पडलेली इमारत पाडून तिच्या जागी तळमजल्यावर दुकाने आणि वर कार्यालये अशी नवी व्यापारी इमारत उभारण्याचा अर्ज जागेच्या मालकाने स्थानिक नगरसंस्थेकडे दाखल केला, तेव्हा त्या अर्जाची वार्ता आम्हा रहिवाशांना दिव्याच्या खांबाला बांधलेल्या एका छापील सूचनेतून मिळाली. अर्जाचा क्रमांक, जागेचा पत्ता, योजलेल्या कामाचे स्वरूप, नकाशे कोठे पाहावयास मिळतील आणि आपले म्हणणे कोणत्या तारखेपर्यंत कळवावे, एवढाच मजकूर त्या कागदावर होता. परंतु पावसात भिजू नये म्हणून पारदर्शक वेष्टनात घातलेल्या त्या कागदाने एका खाजगी मालमत्तेचा प्रश्न संपूर्ण वस्तीपुढे मांडला होता.

या देशात १९४७ च्या नगररचना कायद्यापासून असे तत्त्व रूढ आहे की, जमीन मालकीची असली तरी तिच्यावर वाटेल ते बांधण्याचा अधिकार त्या मालकीत अंतर्भूत नसतो. तो अधिकार समाजाच्या वतीने नगरसंस्था देते, आणि म्हणून तो देण्यापूर्वी समाजाला विचारणे तिला क्रमप्राप्त ठरते. अर्जावर म्हणणे मांडण्यासाठी साधारणतः एकवीस दिवसांची मुदत असते, आणि त्या मुदतीत घरमालक, भाडेकरू, दुकानदार, किंवा माझ्यासारखा परमुलखातून येऊन राहिलेला मनुष्य, कोणीही आपली हरकत लेखी नोंदवू शकतो. मात्र प्रत्येक हरकतीला सारखे वजन मिळत नाही. नव्या इमारतीमुळे शेजारच्या घरात येणारा उजेड अडेल, रस्त्यावर वाहनांची गर्दी होईल, रात्री मालाच्या गाड्यांचा आवाज होईल, हे मुद्दे विचारात घेतले जातात. परंतु माझ्या खिडकीतून दिसणारा देखावा झाकला जाईल, माझ्या घराची किंमत उतरेल किंवा नव्या दुकानामुळे माझ्या धंद्याला स्पर्धा होईल, या तक्रारींना तेथे सहसा स्थान नसते. सार्वजनिक हित आणि वैयक्तिक गैरसोय यांतील ही सीमारेषा ज्या स्पष्टतेने आखलेली आहे, तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

लहान अर्जाचा निर्णय आठ आठवड्यांत आणि मोठ्या अर्जाचा तेरा आठवड्यांत व्हावा अशी येथे कायद्याने घातलेली मुदत आहे. अर्ज फेटाळला तर त्याची कारणे लेखी द्यावी लागतात, आणि त्या निर्णयाविरुद्ध अर्जदाराला स्वतंत्र निरीक्षकाकडे अपील करता येते. मिळालेला परवानाही चिरंतन नसतो. सामान्यतः तीन वर्षांत काम सुरू न झाल्यास तो संपुष्टात येतो. हे सर्व नियम कोणा एका ज्ञानी शासकाच्या प्रतिभेतून जन्मलेले नाहीत; बांधकामाचे अनेक नियम एकेका आपत्तीनंतर घडत गेले. १६६६ च्या भीषण आगीत लंडनचा मोठा भाग भस्मसात झाल्यावर, पुढच्याच वर्षीच्या कायद्याने नव्या इमारतींच्या बाहेरील भिंती विटांच्या किंवा दगडांच्याच असाव्यात असा दंडक घातला. १९५३ साली उत्तर समुद्राच्या उधाणाने इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक माणसे बुडाल्यावर टेम्स नदीवर महाकाय दरवाजे उभारण्याचा विचार पुढे आला, आणि ते १९८२ पासून कार्यरत झाले. एवढे असूनही जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागून ७२ जणांचा बळी गेला, कारण तिच्या बाह्यांगावर बसविलेले आवरणच ज्वालाग्राही होते. कागदावरील परवाना आणि प्रत्यक्षातील सुरक्षितता यांत अंतर पडले तर समृद्ध महानगरातही काय अनर्थ होतो, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

माझा जन्म साताऱ्याचा आणि शिक्षण सांगलीचे. त्यामुळे सांगलीतील आमच्या एका आप्ताने आपल्या वडिलोपार्जित जागेवर दुकानांची इमारत बांधण्याचे योजिले, तेव्हा त्या निमित्ताने तिकडची संपूर्ण प्रक्रिया मला जवळून अभ्यासता आली, आणि आपल्याकडे कायद्याची उणीव आहे हा परदेशस्थांमध्ये प्रचलित असलेला समज किती निराधार आहे, याची खातरजमा झाली. सातबारा किंवा मिळकतपत्रिका, मोजणीचा नकाशा, विकास आराखड्यातील झोनचा दाखला, वास्तुविशारदाचे नकाशे, संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, विकास शुल्काचा भरणा, त्यानंतर बांधकाम सुरू करण्याचा दाखला, पुढे जोत्याची तपासणी आणि अखेरीस भोगवटा प्रमाणपत्र, अशी ही सुसंगत परंपरा आहे. जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम हे दोन्ही कायदे १९६६ चे. त्यांपैकी दुसऱ्या कायद्याने अर्जाच्या निर्णयासाठी साठ दिवसांची मुदत घातली आहे आणि परवानगी एक वर्षापुरती देऊन ती फार तर तीन वर्षांपर्यंत वाढविण्याची तजवीज केली आहे. डिसेंबर २०२० पासून तर राज्याच्या बहुतांश भागाला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झालेली आहे.

तेव्हा भेद कायद्याच्या अस्तित्वात नाही; तो दप्तर कोणापुढे उघडले जाते यात आहे. शहराचा विकास आराखडा तयार होताना आपल्याकडेही तो प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात. परंतु एखाद्या विशिष्ट इमारतीच्या अर्जावर शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याची सर्वसाधारण तरतूद नाही, आणि त्यामुळे पाया खणणारे यंत्र दारासमोर येऊन उभे राहीपर्यंत वस्तीला काहीच कळत नाही. सांगलीसारख्या शहरात ही उणीव अधिक गंभीर ठरते, कारण तेथील प्रत्येक इमारतीच्या शेजारधर्मात माणसांबरोबर कृष्णा नदीचाही अंतर्भाव होतो.

१८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांनी जेथे आपली राजधानी वसविली आणि हळदीच्या व्यापाराने जिची कीर्ती देशभर नेली, त्या सांगलीची जुनी पेठ नदीच्या सान्निध्यातच वाढली. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपुरात जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची पेवे होती, आणि त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. ती पेवे म्हणजे त्या भूमीचा स्वभाव ओळखून निर्माण झालेली व्यापारी वास्तुकलाच होती. २००५ च्या महापुरात त्यांतील अनेक पेवांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीतील आयर्विन पुलापाशी ज्या कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते, तिचे पाणी ५७ फुटांवर गेले; २०२१ च्या जुलैत पुन्हा बाजारपेठ पाण्याखाली आली. कापडाचे गठ्ठे, धान्याची पोती, औषधांच्या पेट्या आणि हिशेबाच्या वह्या यांचा चिखल झालेला ज्यांनी उपसला, त्या व्यापाऱ्यांना पूररेषा म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही.

नियमावली या बाबतीत मूक नाही. नदीकाठापासून निळ्या पूररेषेपर्यंतच्या पट्ट्यात इमारतींना मनाई आहे. निळी रेषा आणि तिच्या पलीकडची, अधिक मोठ्या पुराची लाल रेषा यांच्यामधील पट्ट्यात बांधकामाला सशर्त मुभा असली तरी ते लाल रेषेच्या पातळीहून उंच असावे लागते. म्हणजे नदीने आपली हरकत अगोदरच नोंदवून ठेवलेली आहे. ती प्रत्येक अर्जासोबत प्रामाणिकपणे वाचली जाते किंवा नाही, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

आणि ही हरकत केवळ सांगलीच्या कचेरीत वाचून भागणार नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई आणि सातारा यांच्या परिसरातून वाहत येते, कराडला तिला कोयना मिळते, आणि मग त्या एकत्रित जलाचा भार सांगलीच्या वाट्याला येतो. वरच्या भागात एखादा ओढा बुजवून त्यावर हॉटेल किंवा व्यापारी संकुल उभे राहिले, डोंगरउतार फोडून सपाट केला गेला, तर त्या एका परवान्याचा परिणाम शेकडो परवान्यांच्या बेरजेने खालच्या पेठेपर्यंत पोहोचतो. महाबळेश्वर आणि पाचगणी हा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, तो याच दूरदृष्टीने. सातारा जिल्ह्याला तर भूमीनेही इशारा दिलेला आहे: ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपाने घरे जमीनदोस्त केली आणि अनेकांचे प्राण घेतले. म्हणून संरचना अभियंत्याची सही हा त्या जिल्ह्यात निव्वळ उपचार मानणे म्हणजे त्या मृतांचा विसर पडू देणे होय.

व्यापारीवर्गाचे म्हणणे असे की, एवढ्या दाखल्यांत उद्योगाचा उत्साह मावळतो, व्याज वाढत जाते आणि विलंबातून गैरव्यवहाराला वाव मिळतो. हे म्हणणे खोटे नाही, आणि त्याकडे दुर्लक्ष करणारा मनुष्य व्यापाराचा तसाच शहराचाही हितकर्ता नव्हे. परंतु विलंबावरील उपाय नियम सैल करणे हा नसून, मुदत पाळणे आणि दप्तर उघडे ठेवणे हा आहे. जो अर्ज सर्वांना दिसतो तो विनाकारण अडवून ठेवणे अवघड जाते, आणि सर्वांना दिसणाऱ्या अर्जावर गैर मंजुरी देणे त्याहून अवघड जाते. म्हणजे प्रकटपणाने प्रामाणिक अर्जदाराचे आणि नागरिकाचे असे दोघांचेही रक्षण होते. येथील कोपऱ्यावरच्या त्या इमारतीला अखेर परवाना मिळाला, तो एक मजला कमी करून आणि मालाच्या गाड्यांची वेळ ठरवून; मालकाचा व्यवसाय थांबला नाही आणि वस्तीची झोपही मोडली नाही.

म्हणून सातारा आणि सांगली येथील नगरसंस्थांना माझी नम्र विनंती आहे की, प्रत्येक मोठ्या व्यापारी इमारतीचा अर्ज दाखल होताच त्याची सूचना जागेवरच, स्वच्छ मराठीत, पूररेषेच्या स्पष्ट उल्लेखासह लावण्याचा प्रघात त्यांनी पाडावा; यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि वाचकहो, उद्या आपण एखादा गाळा विकत किंवा भाड्याने घेणार असाल, तर दराची बोलणी करण्यापूर्वी मंजूर नकाशा, पूररेषेचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद मालकाकडे मागा, ते स्वतः वाचा, आणि त्यांतील एक जरी नसेल तर बयाणा देऊ नका.