टॅब खोटं बोलतो का?

बालमित्रांनो, सांगा पाहू, सात आठे किती? छप्पन्न! शाब्बास. आता हे उत्तर पाटीवर लिहा. कुणी मराठी आकड्यांत लिहिलं असेल, कुणी इंग्रजी आकड्यांत. दोघांचंही बरोबर. तुमच्या बाई किंवा गुरुजी दोघांनाही बरोबरचीच खूण देतील.

मीही एक बाईच आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगराळ गावात आमची द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी. बारावीनंतर डी.एड. केलं आणि तेव्हापासून खडू हातात आहे. असं असूनही जानेवारी २०२५ मध्ये मी पुण्यात एका मोठ्या सभागृहात, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तीनेकशे तरुण मंडळींपुढे उभी राहून भाषण केलं. कशावर? तर सात आठे छप्पन्नवर! हसू नका. कसं ते सांगते.

२०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा मला घरी बसवेना. भावाचा जुना लॅपटॉप होता. त्यावर मी वेबपानं तयार करायला शिकले. वेबपान म्हणजे काय, तर ब्राउझरमध्ये उघडतं ते पान. साधं पान वर्तमानपत्रासारखं असतं. तुम्ही वाचा, ते गप्प बसणार. पण त्यात जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतल्या चार ओळी घातल्या, की तेच पान तुमच्याशी खेळायला लागतं. ही भाषा ब्रेंडन आइक या गृहस्थांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत पहिल्यांदा उभी केली. (आपल्याला दहा दिवसांत दिवाळीचा अभ्यास पुरा होत नाही!) तिचं काम असं चालतं : पानावर एक बटण असतं आणि त्या बटणापाशी प्रोग्रॅमचा एक तुकडा कान लावून बसलेला असतो. तुमचं बोट टेकलं की तो जागा होतो, तुम्ही काय लिहिलंय ते उचलतो, तपासतो आणि पानावर उत्तर दाखवतो. लपंडावात राज्य असलेला गडी कसा आवाजाची वाट बघतो, अगदी तसंच.

मी पाढ्यांचं एक पान केलं. वर प्रश्न, खाली रिकामा चौकोन. बरोबर आलं तर बेडूक एक उडी पुढे, दहा उड्या झाल्या की तळ्यात डुबुक! चुकलं तर लाल अक्षरांत ‘चूक’. सगळं एकाच फाइलमध्ये बसवलं होतं, कारण आमच्या शाळेत मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. शाळेला लोकवर्गणीतून चार टॅब मिळालेले आहेत. त्यांवर ते पान घातलं. मुलं खूश, मीही खूश. पाढे म्हणून घ्यायचा माझा अर्धा तास वाचला, हेही खरं सांगून टाकते.

आता पुढचं सांगायला जरा जड जातं.

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. चौथीतली एक मुलगी. तिचं नाव सांगत नाही, तिनंच ‘नको’ म्हटलंय. ती टॅब घेऊन माझ्याकडे आली. ‘‘बाई, हे चूक म्हणतंय.’’ मी पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला देत होते. मान वर न करता विचारलं, ‘‘काय आलं होतं?’’

‘‘सात आठे.’’

‘‘मग?’’

‘‘मी छप्पन्नच लिहिलंय, बाई.’’

‘‘छप्पन्न लिहिलं असतंस तर चूक कशाला म्हणेल? टॅब खोटं बोलतो का?’’ मी म्हणाले. ‘‘जा, सातचा पाढा पाच वेळा लिहून आण.’’

ती गेली. पाच वेळा लिहून आणला. तो अर्थातच बरोबर होता. मी खाली ‘आता पाठ कर’ असा शेरा लाल शाईनं दिला आणि सही केली. त्यानंतर ती टॅब घ्यायला पुढे येईनाशी झाली. मला वाटलं, कंटाळली असेल.

सप्टेंबरमध्ये गणपतीला आमच्या गावचा एक मुलगा पुण्याहून आला. तो तिकडे संगणक कंपनीत काम करतो. आरतीनंतर मी त्याला माझं पान मोठ्या कौतुकानं दाखवलं. त्यानं टॅब हातात घेतला, दोन उत्तरं दिली आणि म्हणाला, ‘‘बाई, तुमच्या या पानाला मराठी आकडे कळत नाहीत.’’

झालं होतं असं. चारपैकी एका टॅबचा कीबोर्ड कुणीतरी मराठी करून ठेवला होता. त्यावर ५६ लिहिलं की मराठी आकडे उमटायचे. माझा प्रोग्रॅम ते उचलून जावास्क्रिप्टला विचारायचा, ‘‘ही संख्या कोणती?’’ आणि जावास्क्रिप्ट म्हणायची, ‘‘नॅन.’’ नॅन म्हणजे ‘नॉट अ नंबर’, ही संख्याच नव्हे! गंमत पाहा, हा नॅन इतका विचित्र प्राणी आहे की तो स्वतःशीसुद्धा बरोबरीचा नसतो. एक नॅन आणि दुसरा नॅन सारखे का, असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. मग तो छप्पन्नशी कुठून जुळणार?

असं का होतं, तेही सांगते. संगणकाला अक्षरं दिसत नाहीत, त्याला प्रत्येक अक्षराचा हजेरी क्रमांक ठाऊक असतो. युनिकोड नावाचं जगभरच्या लिप्यांचं एक मोठं हजेरीपुस्तक आहे. त्यात इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि नवाचा ५७. आपल्या मराठी शून्याचा २४०६ आणि नवाचा २४१५. जावास्क्रिप्ट आकडे वाचताना फक्त ४८ ते ५७ एवढ्याच मुलांची हजेरी घेते. बाकीचे वर्गात बसलेले असले तरी तिच्या लेखी गैरहजर! उपाय सोपा आहे. २४०६ मधून ४८ वजा करा. किती आले? २३५८. मराठी आकड्याच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की तो इंग्रजी आकडा होतो. पाचाचं करून पाहा : २४११ वजा २३५८ बरोबर ५३, आणि ५३ हा इंग्रजी पाचाचा क्रमांक. चौथीचं गणित आहे हे. मी त्याच रात्री पान दुरुस्त केलं.

आणि त्याच रात्री मला ती मुलगी आठवली. तिनं छप्पन्नच लिहिलं होतं. मराठी शाळेतल्या मराठी मुलीनं, मराठी बाईंनी केलेल्या पानावर, मराठी आकड्यांत.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? सगळ्या टॅबवर नवं पान घातलं. बस्स. तिला काही बोलले नाही. म्हटलं, आता चालतंय ना, झालं तर.

पुण्याच्या त्या मुलानं मात्र माझा पिच्छा सोडला नाही. तो म्हणाला, ‘‘बाई, प्रोग्रॅमर लोकांचं एक संमेलन भरतंय, तुम्ही त्यात बोला.’’ मी म्हटलं, ‘‘अरे, माझं तिथे काय काम?’’ तेव्हा त्यानं मला अशा संमेलनांची रीत समजावली. साहित्य संमेलनासारखंच असतं, फक्त कवितांच्या जागी प्रोग्रॅम. तीन-चार महिने आधी विषय मागवतात. तुम्ही काय बोलणार याचं पानभर टिपण पाठवायचं, समिती ते वाचून निवड करते. वीस मिनिटं बोलायचं आणि पाच मिनिटं प्रश्नोत्तरं.

या संमेलनांचा इतिहासही मोठा मजेचा आहे, बरं का. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट नावाच्या शास्त्रज्ञानं संगणकाच्या एका परिषदेत दीड तास प्रयोग करून दाखवला. समोर हजारभर लोक. त्यानं माऊस फिरवून दाखवला, एका शब्दावरून दुसऱ्या पानावर उडी मारून दाखवली, दूर बसलेल्या सहकाऱ्याशी पडद्यावर बोलून दाखवलं. आणि त्याचा संगणक होता कुठे? तर मेन्लो पार्कला, सुमारे पन्नास किलोमीटर लांब! मध्ये एखादा दुवा निखळला असता तर सगळा फज्जा. आणखी एक ऐका. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब तयार केलं आणि १९९१ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला भरणार असलेल्या परिषदेकडे आपला निबंध पाठवला. समितीनं तो स्वीकारलाच नाही! फक्त एका टेबलावर प्रात्यक्षिक मांडायची परवानगी दिली. ज्या वेबवर आज सगळं जग बसलंय, त्याला तिथे भाषणाची जागा मिळाली नव्हती.

हे ऐकल्यावर मला धीर आला. नापास झालो तरी बर्नर्स-लींच्या रांगेत! मी टिपण पाठवलं आणि ते चक्क निवडलं गेलं.

टिपणात मी काय लिहिलं होतं? बेडूक, तळं, रेंज नसतानाही चालणारं पान. मराठी आकड्यांबद्दल एक ओळ : ‘हे पान मराठी आकडेही ओळखते.’ जणू ते पहिल्या दिवसापासून ओळखत होतं!

शनिवारची सकाळची शाळा, म्हणून किरकोळ रजा टाकली. शुक्रवारी संध्याकाळच्या एस.टी.नं स्वारगेट, तिथून मावसबहिणीकडे. रात्री तिच्या आरशासमोर भाषणाची तालीम केली. पंधरा ऑगस्टच्या भाषणाला मी मुलांना सांगते ना, हात मागे, आवाज मोठा, तसंच. पण त्या एका ओळीपाशी आले की अडखळायला व्हायचं. तीनदा अडखळले. मग तिथे पेन्सिलनं फुली मारली आणि झोपले. झोप काही लागली नाही.

सभागृहात गळ्यात नावाची पट्टी घातली. आजूबाजूला सगळे इंग्रजीत बोलत होते. माझ्या आधीच्या वक्त्याचं पान इंटरनेटवरून उघडायचं होतं आणि त्याच वेळी तिथलं वाय-फाय गेलं. बिचारा घामाघूम झाला. माझी पाळी आली तेव्हाही नेट नव्हतंच. पण आमचं पान पाण्याच्या टाकीपासून लांब राहायला शिकलेलं! पडद्यावर बेडूक दिसला आणि टाळ्या पडल्या. मी अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या इंग्रजीत बोलत होते. कुणी हसलं नाही.

माझ्या लॅपटॉपवर जुनी फाइलही होती. पेन्सिलीची फुली आली तशी मी ती उघडली. सात आठे? मराठीत ५६ लिहिलं. भिंतीएवढ्या पडद्यावर लाल अक्षरं आली : ‘चूक’. सभागृह खो खो हसलं. मग मी सांगितलं, ‘‘हे माझ्या चौथीतल्या मुलीला दिसलं. आणि मी तिला विचारलं, टॅब खोटं बोलतो का?’’ पाच वेळा लिहायला लावलेल्या पाढ्याचंही सांगितलं. हसू थांबलं. त्यानंतर मी हजेरी क्रमांकांची वजाबाकी सांगितली आणि वेळ संपल्याची पाटी दिसल्यावर थांबले.

प्रश्न सुरू झाले. एका बंगाली तरुणानं विचारलं, बंगाली आकड्यांसाठी काय करू? मी सांगितलं, तुमच्या शून्याचा क्रमांक २५३४, तेव्हा तुमची वजाबाकी वेगळी. आणखी एकानं कीबोर्डबद्दल विचारलं. उत्तरं येत होती. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. विशीतली असेल. मराठीतच म्हणाली, ‘‘मॅडम, त्या मुलीचं बरोबर होतं, हे तुम्ही तिला सांगितलंत का?’’

हातात माईक होता. तीनशे माणसं बघत होती. मी म्हटलं, ‘‘नाही.’’

ती ‘‘थँक यू’’ म्हणून खाली बसली. तिनं मला टोचून विचारलं नव्हतं, तिला फक्त पुढे काय झालं ते हवं होतं. जेवणाच्या वेळी बऱ्याच जणांनी येऊन कौतुक केलं. मला जेवण गेलं नाही.

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी त्या मुलीला जवळ बोलावलं. सगळ्या वर्गासमोर म्हटलं, ‘‘ऑगस्टमध्ये तू सात आठे छप्पन्न लिहिलं होतंस. ते बरोबर होतं. पान चुकीचं होतं आणि ते मी केलं होतं. मी न बघताच तुला रागावले.’’ वर्ग एकदम चिडीचूप. बाई चुकल्या म्हणतात म्हणजे काय, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं.

ती काहीच बोलली नाही. जागेवर गेली, दप्तर उपसलं, गणिताची जुनी वही काढली आणि ते पान उघडून माझ्यापुढे धरलं. पाच वेळा सातचा पाढा, ओळीनं. खाली माझा लाल शेरा.

‘‘हे खोडा, बाई.’’

मी शेरा खोडला. शेजारी ‘उत्तर बरोबर होते’ असं लिहिलं, सही केली आणि तारीख घातली. तिनं वही परत घेतली, नीट वाचली आणि पुन्हा पुढे केली.

‘‘आजची कशाला घातली तारीख? त्या दिवशीची घाला.’’

मी त्या दिवशीची तारीख घातली.